गिनी नक्की कुठली? चार देश, एक डुक्कर, एक कोंबडी आणि आजीची गिन्नी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिनी नावाचे देश एकूण किती?

चार. पश्चिम आफ्रिकेतला नुसता गिनी, त्याच्या वायव्येला चिकटलेला गिनी-बिसाऊ, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने बरंच पुढे गेल्यावर कॅमेरून आणि गॅबनच्या मध्ये लागणारा इक्वेटोरियल गिनी, आणि पार पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर बसलेला पापुआ न्यू गिनी. पहिल्या तिघांचा निदान समुद्र एक आहे. चौथ्याचं आफ्रिकेशी काही नातं नाही, तरी नाव तेच.

हा घोळ फक्त आपला नाही. जानेवारी 2024 मध्ये आयव्हरी कोस्टला झालेल्या आफ्रिकन फुटबॉल स्पर्धेत तिन्ही आफ्रिकी गिनी उतरले होते. साखळीत इक्वेटोरियल गिनीने गिनी-बिसाऊला 4-2 हरवलं आणि बाद फेरीत गिनीने इक्वेटोरियल गिनीला 1-0 ने घरी पाठवलं. समालोचकांचे काय हाल झाले असतील ते ओळखा.

पण मुळात हा शब्द आला कुठून?

पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं सोन्याच्या वासावर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सरकत होती. सहाराच्या वाळवंटापलीकडचं सोनं उंटांवरून उत्तरेकडे यायचं, ते मधले व्यापारी टाळून थेट मिळवायचं हा बेत. सेनेगल नदीपर्यंत त्यांना उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर वंशाचे लोक भेटले, नदी ओलांडल्यावर काळ्या वर्णाचे. नदीच्या अलीकडचा मुलूख वेगळा आणि पलीकडचा 'गिने' वेगळा, अशी विभागणी त्या काळच्या पोर्तुगीज लिखाणात दिसते.

शब्दाच्या मुळाबद्दल दोन-तीन मतं आहेत. एक म्हणतं, बर्बर भाषांतल्या 'काळा माणूस' अशा अर्थाच्या 'अगिनाव' या शब्दावरून तो आला. अरबांनी याच पट्ट्याला 'बिलाद अस-सुदान', म्हणजे काळ्यांचा मुलूख, म्हटलं होतं. त्यातलाच हा प्रकार. दुसरं मत सोळाव्या शतकातला प्रवासी लिओ आफ्रिकानस याच्या लिखाणावर उभं आहे: नायजर नदीच्या खोऱ्यातलं जेने हे व्यापारी शहर, त्याच्या नावाचा अपभ्रंश. तिसरं मत प्राचीन घाना साम्राज्याकडे बोट दाखवतं. मला पहिलं मत जास्त पटतं. पोर्तुगीजांनी हा शब्द किनाऱ्यावर ऐकला, तोही बर्बर वाटाड्यांकडून आणि पकडलेल्या माणसांकडून. जेने शेकडो किलोमीटर आत आहे, तिथवर तेव्हा त्यांच्यातला कोणी पोचलाच नव्हता.

खुद्द गिनी देशात आणखी एक गोष्ट सांगतात. तिथल्या सुसू भाषेत 'गिने' म्हणजे बाई. किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्यांनी काहीतरी विचारलं, समोरची म्हणाली 'मी बाई आहे', आणि त्यांनी ते देशाचं नाव म्हणून लिहून घेतलं. गोष्ट झकास आहे, पण अशा गोष्टी जगात प्रत्येक दुसऱ्या नावाबद्दल सांगतात, तेव्हा मी तरी ती गोष्ट म्हणूनच ऐकतो.

काहीही असो, तिथल्या कोणीही आपल्या मुलखाला गिनी म्हणत नव्हतं. सुसू, फुला, मांदिंका, आकान, योरुबा या सगळ्यांची आपापली गावं, राज्यं, नावं होती. 'गिनी' ही बाहेरच्याने मारलेली चिठ्ठी. 1480च्या दशकात पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन स्वतःला 'गिनीचा स्वामी' म्हणवू लागला आणि 1482 मध्ये आजच्या घानात एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. त्यानंतर युरोपीय नकाशांवर या किनाऱ्याचे तुकडे पडले ते मालाप्रमाणे: मिरीचा किनारा, हस्तिदंताचा किनारा, सोन्याचा किनारा, गुलामांचा किनारा. तिथे कोण राहतं, हा प्रश्न नाव ठेवणाऱ्याला पडलेलाच नव्हता.

एका किनाऱ्याचे तीन देश कसे झाले?

मालक तीन होते म्हणून. फ्रेंचांची फ्रेंच गिनी, पोर्तुगीजांची पोर्तुगीज गिनी, स्पॅनिशांची स्पॅनिश गिनी. जो आधी सुटला त्याला नुसतं नाव मिळालं, बाकीच्यांना शेपूट लावावं लागलं.

आधी सुटली ती फ्रेंच गिनी, आणि कशी सुटली हे ऐकण्यासारखं आहे. 28 सप्टेंबर 1958 ला फ्रान्सने आपल्या वसाहतींमध्ये सार्वमत घेतलं: फ्रान्सच्या नव्या संघात राहता का? आफ्रिकेतल्या बाकीच्या फ्रेंच वसाहतींनी होकार दिला. सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखाली गिनीने एकट्याने नकार दिला, आणि तोही नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. गुलामगिरीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी परवडली, अशा अर्थाचं तुरे यांचं वाक्य तेव्हा गाजलं. 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि चिडलेल्या फ्रेंचांनी अधिकारी, डॉक्टर, पैसा सगळं काढून घेतलं. जाताना भिंतीवरचे टेलिफोनसुद्धा उपटून नेले असं सांगतात. राजधानी कोनाक्री, म्हणून ओळखायला सोपं जावं यासाठी अनेकजण या देशाला 'गिनी-कोनाक्री' म्हणतात. ॲल्युमिनियमचं खनिज असलेल्या बॉक्साइटचे जगातले सर्वांत मोठे साठे इथे आहेत.

पोर्तुगीज गिनीला मात्र लढावं लागलं. लढ्याचा नेता अमिल्कार काब्राल शिकलेला कृषितज्ज्ञ होता. 20 जानेवारी 1973 ला कोनाक्रीत त्याचा खून झाला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि लिस्बनमध्ये सत्ता पालटल्यावर 1974 मध्ये पोर्तुगालने ते मान्य केलं. शेजारी आधीच 'गिनी' होता, म्हणून यांनी राजधानीचं नाव जोडून घेतलं. गोव्याच्या वाचकांना ही तारीख बघून काय वाटेल ते वाटो: गोवा 19 डिसेंबर 1961 ला सुटला, बिसाऊला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. आणि एक धागा आजही आहे. गिनी-बिसाऊची निर्यात म्हणजे जवळजवळ सगळा काजू. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगीजांनीच गोव्यात आणलं आणि आफ्रिकेतही नेलं. तिथली कच्ची काजू बी मोठ्या प्रमाणावर भारतात आणि व्हिएतनाममध्ये फोडायला येते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बऱ्याच कारखान्यांत वर्षभर काम चालतं ते नुसत्या स्थानिक बीवर नाही, आफ्रिकेच्या बीवरही. त्यामुळे 'अस्सल कोकणी काजू' असं लिहिलेलं पाकीट घेताना, बी कुठली होती, एवढं विचारून बघायला हरकत नाही.

स्पॅनिश गिनी 12 ऑक्टोबर 1968 ला इक्वेटोरियल गिनी म्हणून स्वतंत्र झाली. आफ्रिकेत स्पॅनिश ही राजभाषा असलेला हा एकच सार्वभौम देश.

इक्वेटोरियल गिनीतून विषुववृत्त जातं का?

जमिनीवरून नाही. मुख्य भूमी आणि बियोको बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला, अन्नोबोन नावाचं छोटं बेट दक्षिणेला. रेषा मधल्या समुद्रातून जाते.

आणि पापुआ न्यू गिनी?

1545 मध्ये यिन्यिगो ओर्तिस दे रेतेस नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी त्या बेटाच्या किनाऱ्याने चालला होता. काठावरची काळी, कुरळ्या केसांची माणसं बघून त्याला आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्याची आठवण झाली आणि त्याने नाव ठेवून दिलं 'नवी गिनी'. बस, एवढंच कारण. ग्रीनलंडनंतरचं जगातलं सर्वांत मोठं बेट, आठशेच्या वर भाषा एकट्या पूर्व भागात, आणि नाव पडलं ते होडीतून बघितलेल्या चेहऱ्यांवरून.

'पापुआ' हे नाव त्याआधीच आलं होतं, मलय बेटांच्या बाजूने. पुढे बेटाचा पश्चिम अर्धा भाग डचांकडे आणि नंतर इंडोनेशियाकडे गेला. पूर्वेकडचा उत्तर भाग जर्मनांकडे, दक्षिण भाग इंग्रजांकडे. मग दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात. दक्षिणेचं नाव पापुआ आणि उत्तरेचं न्यू गिनी असं ठरलेलं होतं, ते जोडून 16 सप्टेंबर 1975 ला स्वतंत्र झालेल्या देशाचं नाव झालं. म्हणून ते इतकं लांबलचक आहे.

गयाना आणि घाना हेही त्यातलेच ना?

नाही. गयाना दक्षिण अमेरिकेतला, आणि नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. 'पाण्याचा मुलूख' असा अर्थ सांगतात. शेजारची फ्रेंच गयानाही त्यातलीच. घाना म्हणजे जुना 'सोन्याचा किनारा'. 6 मार्च 1957 ला स्वतंत्र होताना त्याने प्राचीन साम्राज्याचं नाव घेतलं, जरी ते साम्राज्य आजच्या घानापासून बरंच वायव्येला होतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक गंमत: 2 जून 2024 ला टी-20 विश्वचषकात पापुआ न्यू गिनीचा संघ वेस्ट इंडिजविरुद्ध गयानातल्या प्रॉव्हिडन्स मैदानावर खेळला. नावांचा याहून मोठा गुंता एका स्कोअरकार्डवर सापडणं कठीण.

गिनीपिग गिनीतला आहे का? निदान डुक्कर तरी?

दोन्ही नाही. हा उंदीर-खारींच्या गणातला कुरतडणारा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही मांसासाठी. केचुआ भाषेत त्याचं नाव 'कुई', तो स्वतः जसा ओरडतो तसंच. पेरूच्या कुस्को शहरातल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं चित्र आहे. मधल्या ताटात पाय वर करून भाजलेला प्राणी हा कुईच, असं तिथले गाईड छातीठोकपणे सांगतात.

डुक्कर का, हे समजण्यासारखं आहे. मान नसलेलं गुबगुबीत अंग, आखूड पाय आणि किंचाळणं. गिनी का, यावर मात्र वाद आहे. जहाजं गिनी किनाऱ्यावर थांबून इंग्लंडला यायची म्हणून, असं एक मत. 'गयाना'चं चुकून 'गिनी' झालं, हे दुसरं. लांबून, समुद्रापलीकडून आलेल्या कुठल्याही वस्तूला तेव्हा इंग्रज सरसकट 'गिनी' म्हणत, हे तिसरं. आणि सगळ्यांत लोकप्रिय उत्तर: एका गिनी नाण्याला एक विकला जायचा म्हणून. हे शेवटचं बिनधास्त बाद करा. प्राण्याचं हे नाव इंग्रजीत 1653 मध्ये छापलेलं सापडतं आणि नाणं पाडलं गेलं 1663 मध्ये.

'जनतेला गिनीपिग समजता का?' हा आपल्या अग्रलेखांतला आवडता प्रश्न प्रयोगशाळेतून आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1780च्या दशकात श्वासोच्छ्वासाच्या प्रयोगात या प्राण्याला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तो यांच्याच जिवावर. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना दिसलं की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना खलाशांचा स्कर्व्ही रोग होतो. माणसाप्रमाणेच याचंही शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. घरी पाळला असेल तर म्हणूनच नुसत्या गोळीखाद्यावर ठेवू नका. रोज सिमला मिरचीची फोड आणि हिरवा पाला हवाच.

आजी ज्याला गिन्नी म्हणते ती हीच का?

नाव तेच, नाणं बहुधा वेगळं.

मूळ गिनी 1663 मध्ये इंग्लंडात पाडली गेली. सोनं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून यायचं, म्हणून हे नाव. सोनं आणणाऱ्या कंपनीची खूण, छोटासा हत्ती, राजाच्या मुखवट्याखाली कोरलेला असे. तीच राजाश्रयाची कंपनी त्याच किनाऱ्यावरून माणसंही जहाजात भरून नेत होती. नाण्यावर मात्र हत्तीच आला. सुरुवातीला किंमत 20 शिलिंग, पुढे सोनं महागलं तशी ती 30 शिलिंगांपर्यंत चढली, आणि 1717 मध्ये 21 शिलिंगांवर पक्की झाली. तेव्हा टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. 1814 नंतर गिनी पाडणं थांबलं आणि लवकरच 20 शिलिंगांचं सॉव्हरिन आलं. पण वकील, डॉक्टर, चित्रकार आपली फी गिनीतच सांगत राहिले, कारण पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त आणि कानाला भारदस्त. घोड्यांच्या शर्यतींनी तर ते नाव अजून सोडलेलं नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळ्यात धावणाऱ्या 'इंडियन 1000 गिनीज' आणि 'इंडियन 2000 गिनीज' या शर्यतींमधली गिनी हीच.

आपल्याकडच्या डब्यात जपून ठेवलेली, राजा किंवा राणीचा मुखवटा असलेली आठ ग्रॅमच्या आसपासची 'गिन्नी' बहुतेक वेळा सॉव्हरिन असते. भिंगातून मागची बाजू बघा: घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन. साल 1918 असेल, तर ड्रॅगनखालच्या जमिनीवर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर शोधा. सापडलं तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे. सॉव्हरिन तिथे त्या एकाच सालाचं निघालं. दोन्ही नाणी 22 कॅरेटची, म्हणून सराफांकडे 22 कॅरेटला 'गिनी गोल्ड' म्हणायची पद्धत पडली.

गिनी कोंबडी आणि टर्की यांचा काय संबंध?

गिनी कोंबडी खरोखर आफ्रिकेची आहे, म्हणजे या यादीत कोणीतरी प्रामाणिक निघालं. करड्या पिसांवर पांढरे ठिपके, डोक्यावर हाडाचा शेंडा. शेतावर पाळणाऱ्यांना माहीत असेल, अनोळखी माणूस, साप, कुत्रं, काहीही दिसलं की अख्खा थवा कर्कश ओरडतो. नर-मादी दिसायला सारखेच, ओळखायचे ते आवाजावरून: दोन तुकड्यांत ओरडते ती मादी. पिल्लं ओल सोसत नाहीत, पहिले काही आठवडे दंवात सोडलीत तर पटापट मरतात. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हिच्या कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या आहेत.

आता टर्की. गिनी कोंबडी इंग्लंडात तुर्की व्यापाऱ्यांच्या मार्फत पोचली, म्हणून इंग्रज तिला 'टर्की कोंबडी' म्हणत. मग सोळाव्या शतकात मेक्सिकोतून एक धिप्पाड पक्षी आला, लोकांनी त्यालाही तेच नाव लावलं आणि पुढे ते त्यालाच चिकटलं. घोळ इतका पक्का की जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये गिनी कोंबडीचं जुनं ग्रीक नाव 'मेलेआग्रिस' या अमेरिकी पक्ष्याला देऊन टाकलं.

बाकीच्यांनीही आपापल्या परीने दिशा चुकवली. तुर्की भाषेत टर्कीला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच म्हणतात 'दँद', म्हणजे हिंदचा. डच म्हणतात 'काल्कून', म्हणजे कालिकतचा. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. भारतात मात्र तो पक्षी मोठ्या थाटात आला: 1612 मध्ये मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्याहून पोर्तुगीजांकडच्या चीजवस्तू जहांगीर बादशहाला नेल्या, त्यात टर्की होता. डोक्या-मानेचा रंग पोवळ्यासारखा लाल, मग पांढरा, मग निळसर होतो हे बघून बादशहाने ते रोजनिशीत नोंदवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मग आपला खायचा पेरू?

फळ अमेरिकेचंच आहे, पण नाव देशावरून नाही. पोर्तुगीजांत 'पेरा' म्हणजे नाशपती. त्यावरून गोव्यात 'पेर' आणि आपल्याकडे 'पेरू' असं साधारण मानलं जातं. नाताळात गोव्यात करतात ती पेरूची वडी, 'पेराद', तीही त्याच घराण्यातली.

गिनी वर्म म्हणजे नारूच ना?

हो, माणसाच्या अंगात वाढून बहुधा पायातून बाहेर येणारा जंत. युरोपीयांनी तो गिनी किनाऱ्यावर पाहिला म्हणून हे नाव. शास्त्रीय नावात त्याला मदिना शहर चिकटलं आहे. आपल्याला यातल्या कशाचीच गरज पडली नाही, कारण नारू आपल्या गावात होता. (कारू-नारूंमधला नारू वेगळा, तो गावगाड्यातला अलुतेदार.)

पन्नाशी-साठीच्या पुढच्या, दुष्काळी भागातल्या माणसाला विचारा. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, माणूस पाय थंड पाण्यात बुडवायचा, आणि तिथेच घात व्हायचा: पाणी लागताच मादी हजारो अळ्या सोडते. त्या पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जातात, पिसवा पिणाऱ्याच्या पोटात, आणि वर्षभराने पुन्हा फोड. पायऱ्यांच्या विहिरी, जिथे माणूस पाण्यात उतरून घागर भरतो, म्हणून मुख्य अड्डे. जंत मीटरभर लांब असू शकतो. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं, रोज दोन-तीन बोटं ओढायचं. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून जन्माचं दुखणं. औषध नव्हतं, लसही नाही. तरी तो गेला. पाणी फडक्याने गाळणं, विहिरींना कठडे, हातपंप, पाण्यात औषध टाकणं, एवढ्यावर गेला. भारतातला शेवटचा रुग्ण राजस्थानात जुलै 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. 1986 मध्ये जगात वर्षाला सुमारे 35 लाख रुग्ण होते. 2023 मध्ये उरले 14.

गोठ्याशेजारी लावतो ते गिनी गवत?

ते आफ्रिकेचंच. ठोंबं लावा, पाणी द्या, कापत राहा.

फोनमधल्या एका फोटोचं ठिकाण गिनीच्या आखातात दाखवतंय. मी तिथे गेलेलोच नाही!

शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात तो बिंदू गिनीच्या आखातात, खुल्या समुद्रात आहे. ठिकाणाची नोंद नसली की काही ॲप दोन्हीकडे शून्य भरतात आणि तुमचा पुण्यातला फोटो तिथे जाऊन पडतो. संगणकवाले या न-बेटाला गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. प्रत्यक्षात तिथे बेट नाही, हवामानाची नोंद घेणारा एक तरंगता बोया तेवढा ठेवला गेला होता.

शेवटचं: गिनीतले लोक गिनीपिगला काय म्हणतात?

गिनीची राजभाषा फ्रेंच, तिथे 'कोशाँ दँद', म्हणजे हिंदचं डुक्कर. गिनी-बिसाऊची पोर्तुगीज, तिथे 'पोर्किन्यु दा इंदिया', हिंदचं छोटं डुक्कर. इक्वेटोरियल गिनीची स्पॅनिश, तिथे 'कोनेहियो दे इंदियास', हिंदचं सशाचं पिल्लू. कोलंबसाने अमेरिकेलाच हिंद समजून घेतलं, त्याचा हा शिल्लक हिशोब. थोडक्यात, तिन्ही गिनींच्या दृष्टीने हा प्राणी आपल्याकडचा.